गोदेच्या गाळात तांबं आलं कुठून?

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर एखादी अशी घळ शोधा, जिच्या वरच्या अंगाला गाव नाही, शेत नाही आणि कारखाना तर नाहीच. कारवी, करवंदांच्या जाळ्या आणि काळा कातळ, एवढंच. पावसाळा सरल्यावर तिथे साचलेला मूठभर बारीक गाळ प्रयोगशाळेत द्या. अहवाल हाती आला की त्यातला निकेलचा आकडा उत्तर अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० साली मांडलेल्या मर्यादांशी ताडून पाहा. निकेलसाठी त्यांची वरची मर्यादा आहे किलोमागे ४८.६ मिलिग्रॅम. त्यापुढे गेलं की नदीच्या तळाशी राहणाऱ्या जीवांना अपाय होण्याचा संभव दाट, असं ते मानतात. ब्रह्मगिरीचा गाळ ही मर्यादा सहज ओलांडू शकतो. म्हणजे गोदावरी जिथे जन्मते तिथेच, माणसाचा हात लागायच्या आधीच, ती कागदोपत्री ‘प्रदूषित’ ठरू शकते!

यात यंत्राचा दोष नाही आणि त्या मर्यादाही खोट्या नाहीत. धातू खरोखरच तिथे आहे. फक्त तो कुणी टाकलेला नाही. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्ह्यानं तो जमिनीच्या पोटातून वर आणला आहे. गाळातले जड धातू मोजणं आज अवघड राहिलेलं नाही. मोजून आलेल्या आकड्यातला निसर्गाचा वाटा किती आणि आपला किती, हे वेगळं काढणं हीच खरी विद्या. ती समजून घ्यायला नाशिकसारखं गाव शोधून सापडणार नाही.

पाणी सोडून गाळच का?

नदीचं प्रदूषण म्हटलं की आपण बाटली घेऊन पाण्याकडे धावतो. पण पाण्याचा नमुना सांगतो ते त्या घटकेपुरतं. मंगळवारी सकाळी नमुना घेतला आणि कुणी सोमवारी रात्री आम्लाची टाकी नाल्यात रिकामी केली असेल, तर ते पाणी तोवर कोस-दोन कोस पुढे गेलेलं असतं. गाळ मात्र जागेवर राहतो आणि जे वाहून आलं त्यातलं बरंचसं धरून ठेवतो.

हे धरून ठेवणं कसं होतं ते मोठं विलक्षण आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि पाण्यात विरघळलेल्या बहुतेक धातूंच्या आयनांवर धन. दोघांचं सूत जमायला वेळ लागत नाही. त्यातही उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आपली काळी माती या कामात पटाईत. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पापुद्र्या-पापुद्र्यांचं असतं. पापुद्र्यांच्या आतलं आणि बाहेरचं मिळून त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटरच्या घरात जातं. एवढ्या पसाऱ्यावर धातूंना बसायला जागाच जागा. शिवाय कणांवर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांचा पातळ लेप असतो, सडलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश असतो. तेही धातूंना पकडतात.

म्हणून पाण्यातला धातू मोजताना आकडे फार लहान येतात. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. गाळात मात्र शिशाचे आकडे किलोमागे दहा-वीस मिलिग्रॅम असले तरी कुणी भुवया उंचावत नाही. पाण्यात सापडेल न सापडेल असा धातू गाळात हजारो पटींनी साठलेला असतो.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले व्ही. सुब्रमण्यन, जी. बिक्षम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सबंध गोदावरी खोऱ्यातला गाळ तपासून १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तळाच्या गाळापेक्षा पाण्यात तरंगत जाणाऱ्या कणांत धातू जास्त आणि तळाच्या गाळातही अतिसूक्ष्म कणांत सर्वाधिक, असं त्यांना आढळलं. नदी धातू वाहून नेते ती मुख्यतः आपल्या गढूळपणातून.

मूठभर चिखलाची कसोटी

नमुना घेणाऱ्याच्या हाती लोखंडी फावडं किंवा स्टीलचा चमचा नसतो, असतो प्लॅस्टिकचा. कारण साधं आहे. स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं आणि आपण नेमकं तेच मोजायला निघालेलो असतो. काठावरची वाळू सोडून संथ पाण्यातला, वरच्या काही सेंटिमीटरमधला मऊ गाळ घेतात. एकाच जागी चार-पाच ठिकाणी बुडवून सगळं एकत्र करतात. नमुना पिशवीत भरला की पिशवीवर जागा, तारीख, खोली लिहायची आणि तो थंड डब्यात ठेवायचा.

प्रयोगशाळेत गाळ वाळवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळतात. ही चाळणीही नायलॉनची. केसाच्या जाडीहून बारीक कण तेवढे खाली उतरतात आणि तेच पुढे जातात. असं केलं नाही तर दोन ठिकाणांची तुलनाच होत नाही: एका जागी वाळू जास्त म्हणून धातू कमी दिसतो, दुसरीकडे चिकणमाती जास्त म्हणून तो जास्त दिसतो आणि आपण प्रदूषणाच्या नावानं केवळ कणांचा आकार मोजून बसतो.

मग येतं आम्ल. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, म्हणजे सोन्यालाही विरघळवणारं अम्लराज, हे नेहमीचं मिश्रण. पण बेसाल्टमधलं, म्हणजे इथल्या काळ्या कातळातलं, काही क्रोमियम अशा हट्टी खनिजांत दडलेलं असतं की अम्लराजालाही ते दाद देत नाही. ते सोडवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, जे काचही खातं. त्यामुळे एकाच गाळाचे दोन प्रयोगशाळांतले क्रोमियमचे आकडे वेगळे आले, तर आधी विचारायचं: आम्ल कोणतं वापरलं? शेवटी तो द्राव आयसीपी-एमएस या यंत्रात जातो. तिथे त्याचं जवळजवळ ६,००० ते १०,००० अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात आयनांमध्ये रूपांतर होतं आणि वस्तुमानानुसार एकेक मूलद्रव्य मोजलं जातं. अब्जात एक भाग असलेला धातूही या नजरेतून सुटत नाही.

एकाच आकड्याचे दोन निकाल

आकडा आला. आता निकाल कसा द्यायचा? जर्मनीतले भूशास्त्रज्ञ म्युलर यांनी ऱ्हाइन नदीच्या गाळासाठी १९६९ साली एक सोपं गणित सुचवलं. गाळातला धातू भागिले त्याच धातूची मूळची, नैसर्गिक पातळी. त्यात दीडपट सूट द्यायची, कारण निसर्गातही चढउतार असतातच. आणि उत्तराचा दोनच्या पायातला लॉगरिथम काढायचा. उत्तर शून्य किंवा त्याखाली आलं तर गाळ स्वच्छ. त्यापुढे एकेक पायरी चढत सहावी म्हणजे अतिप्रदूषित. एकेक पायरी म्हणजे धातू दुप्पट.

गणित सोपं आहे, मेख ‘मूळची पातळी’ या दोन शब्दांत आहे. ती आणायची कुठून? जगभरात बहुतेक अभ्यासक १९६१ साली टुरेकियन आणि वेडेपोल यांनी मांडलेली शेल या गाळखडकाची सरासरी घेतात. त्यात तांबं आहे किलोमागे ४५ मिलिग्रॅम. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबं साधारणतः १००च्या वर, कित्येक थरांत त्याहून बरंच जास्त असतं. व्हॅनेडियम, टायटॅनियम आणि कोबाल्टचीही अशीच चैन. शिसं मात्र या दगडात अगदीच तुटपुंजं, एकआकडी.

समजा, नाशकातल्या एका गाळात किलोमागे १८० मिलिग्रॅम तांबं निघालं. शेलची ४५ ही पातळी धरली तर म्युलरचं उत्तर येतं १.४, म्हणजे ‘मध्यम प्रदूषित’. वर्तमानपत्रात बातमी. आता इथल्या काळ्या दगडाची पातळी १२० धरा. उत्तर येतं नेमकं शून्य, म्हणजे ‘स्वच्छ’. गाळ तोच, तांबं तेच, यंत्र तेच आणि निकाल दोन टोकांचे!

शिशाची गोष्ट अगदी उलटी. शेलमध्ये शिसं २० आहे आणि आपल्या दगडात त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे जगाची सरासरी वापरली की तांब्याच्या बाबतीत आपण नसतं प्रदूषण पाहतो आणि शिशाच्या बाबतीत असलेलं प्रदूषण झाकून टाकतो. परक्या पट्टीनं एकाच वेळी दोन्ही बाजूंनी फसगत होते.

यावर उपाय आहे. बेसाल्टचा गाळ कितीही झिजला, वाळूनं कितीही पातळ झाला, तरी त्यातल्या ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमशी तांब्याचं असलेलं प्रमाण फारसं हलत नाही. म्हणून धातू एकटा न पाहता त्याचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर पाहतात. चहात पाणी वाढवलं तर गोडी आणि कडकपणा दोन्ही एकदमच उतरतात. कडकपणा तेवढाच राहून नुसती गोडी वाढली तर कुणीतरी साखर टाकली हे ओळखायला चहावाला लागत नाही. गाळात ॲल्युमिनियम जागेवर राहून जस्त वाढलं, की समजायचं, हे दगडातलं नव्हे.

तांब्याच्या चार वाटा

नाशकात हा शोध रंगतो तो तांब्यामुळे. कारण इथल्या नदीत तांबं उतरायच्या वाटा एक नाही, चार आहेत.

पहिली वाट डोंगराची. सह्याद्रीचा कातळ झिजतो आणि पोयट्याबरोबर तांबं खाली येतं.

दुसरी वाट जुन्या नाशकातली. पितळी-तांब्याच्या भांड्यांसाठी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं. तांबट लेन, भांडी बाजार ही नावं आजही तिथेच आहेत. हातोड्याखालची पूड, भट्टीतली राख, घासलेल्या भांड्यांचं पाणी शेवटी उतारानं नदीकडेच जाणार. त्यात रामकुंडावर पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंनी टाकलेल्या तांब्या-पितळेच्या नाण्यांची भर.

तिसरी वाट द्राक्षबागांची. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचा बागाईतदार डाऊनी या बुरशीरोगाची चाहूल लागली की बोर्डो मिश्रण फवारतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदात वजनानं चौथा हिस्सा तांबं असतं, म्हणजे दर शंभर लिटर फवाऱ्यामागे सुमारे पाव किलो. फ्रान्सच्या बोर्डो भागात १८८५ च्या सुमारास मिलार्दे यांनी जे औषध प्रसिद्ध केलं, ते आज नाशिकच्या वेलींवरून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं.

चौथी वाट औद्योगिक. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत गाड्यांचे भाग, विजेची उपकरणं, यंत्रांचे सुटे भाग घडतात. अशा उद्योगांना धातूवर मुलामा देणारे प्लेटिंगवाले लागतातच. प्लेटिंगच्या टाक्यांत तांबं, निकेल, क्रोमियम, जस्त असतं. सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं तर प्रश्न नाही. न करता सोडलं तर ते गाळात जाऊन बसतं.

प्रयोगशाळेतलं तांबं आपण डोंगरातून आलो की बागेतून हे सांगत नाही. सांगतात त्याचे सोबती. टायटॅनियम, व्हॅनेडियम, कोबाल्ट आणि लोह यांच्याबरोबर तांबं वाढत असेल, तर ते दगडातलं. जस्ताची जोड आणि कल्हईच्या कथलाचा माग असेल, तर भांड्यांचा संशय. निकेल आणि क्रोमियमबरोबर उसळी घेत असेल, तर प्लेटिंगची टाकी आठवावी. आणि तांबं जवळजवळ एकटंच, तेही फवारणीच्या हंगामानंतरच्या पावसात वाढत असेल, तर द्राक्षबागेकडे बघावं. वीस-तीस ठिकाणचे नमुने घेऊन कोणता धातू कोणाच्या संगतीनं वर-खाली होतो हे गणितानं मांडलं, की एका आकड्यानं न सुटणारं कोडं सुटायला लागतं.

कोंडलेला धातू आणि सुटा धातू

संगत कळली तरी एक प्रश्न उरतो. हा धातू जीवांना बाधणार का?

१९७९ साली कॅनडातल्या तेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक रीत बसवली, ती आजही वापरात आहे. गाळावर एकामागून एक अधिकाधिक कडक रसायनं घालायची. आधी नुसतं मिठासारखं द्रावण: त्यानं सुटतो तो कणावर वरवर चिकटलेला धातू. मग सौम्य आम्ल: कार्बोनेटात अडकलेला सुटतो. मग लोह-मँगनीजच्या लेपातला, मग सेंद्रिय अंशातला. इतकं करूनही जो सुटत नाही तो खनिजाच्या जाळीत कोंडलेला. ब्रह्मगिरीच्या घळीतलं बहुतेक निकेल या शेवटच्या कोठडीत असतं. ते पायरोक्सीनसारख्या खनिजांच्या स्फटिकात बसलेलं आहे. खेकडा, गोगलगाय किंवा पालकाचं मूळ यांपैकी कुणाच्या हाती ते सहज लागत नाही. कारखान्यातून आलेला धातू मात्र पहिल्या दोन-तीन कोठड्यांत राहतो आणि पाणी जरा आम्लधर्मी झालं तरी बाहेर येतो. अहवालात एकूण आकडा सारखाच असला, तरी या दोन गाळांत विषाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

क्रोमियमचीही दोन रूपं आहेत. प्लेटिंगच्या टाकीतलं षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळतं आणि कर्करोगाला कारण ठरू शकतं. काळ्या, दुर्गंधीच्या चिखलात पडलं की सेंद्रिय पदार्थ त्याचं रूपांतर त्रिसंयुजी क्रोमियमात करतात. ते फारसं विरघळत नाही आणि गाळाला धरून बसतं. ज्या चिखलाला आपण नाक मुरडतो, तो असं विष काही काळ बांधूनही ठेवतो.

नाशिकचा नकाशा गाळाच्या नजरेनं

आता वरून खाली चला. शहराच्या वर गंगापूर धरण. १९६५ साली पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण मुळात ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळानं ती ५,६३० वर आणली. म्हणजे डोंगराचा पोयटा बऱ्याच अंशी तिथेच अडतो. खाली शहरातल्या पात्रात साचणाऱ्या गाळात त्यामुळे शहराचा आणि नाल्यांचा वाटा मोठा असणार. तुलनेसाठी स्वच्छ नमुना हवा असेल तर तो धरणाच्या वरचाच घ्यायला हवा.

मग नासर्डी, म्हणजे नंदिनी. औद्योगिक वसाहतींच्या अंगानं शहरात शिरून ती टाकळीजवळ गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी टाकळीला नदीच्या पाण्यात उभं राहून पुरश्चरण केलं, असं परंपरा सांगते. गाळ तपासणाऱ्यासाठी या संगमाचं महत्त्व वेगळं: संगमाच्या वर एक नमुना, नंदिनीत एक आणि संगमाखाली एक. एवढ्या तिघांत कुणी काय आणलं याचा अंदाज येतो.

पुढे निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा भेटतात तिथे नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. पाणी संथ झालं की बारीक कण तळाला बसतात. या गाळावरच तिथे बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणून त्याची नोंद झाली. वरून आलेला सूक्ष्म गाळ आणि त्याला चिकटलेला धातूही बसणार इथेच. अशा जागी नळी खोल खुपसून गाळाचा गाभा काढला, की शिसं-२१० हा २२ वर्षांचं अर्धायुष्य असलेला किरणोत्सारी अणू आणि १९६३ च्या सुमारास अणुचाचण्यांमुळे जगभर शिगेला पोहोचलेलं सीझियम-१३७ यांवरून थरांची वयं ठरवता येतात. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. पुरानं थर उलथले नसतील, तर त्या गाभ्यात शिशाचा चढ आणि मग उतार दिसायला हवा.

अर्थात पूर हीच मोठी अडचण. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, कमरेला लागलं की गळ्याला, या मापानं नाशिककर पूर मोजतात. पाणी मारुतीच्या छातीला भिडतं तेव्हा पात्रातला वर्षभराचा गाळ उठून चालू लागतो. तळाच्या काळ्या चिखलात गंधकाला बांधून बसलेले धातू ऑक्सिजनच्या संपर्कात येतात आणि काही अंशी पुन्हा पाण्यात सुटतात. नाशिकनं पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी किती सोडायचं यावर दर टंचाईत वाद पेटतो. गाळ मात्र कुणाच्याही परवानगीशिवाय पैठणच्या दिशेनं जातच असतो.

मग मागायचं काय?

नदीच्या पाण्याला आपल्याकडे मानकं आहेत, नियमित तपासणी आहे. गाळातल्या धातूंसाठी तशी सर्वमान्य देशी मानकं नाहीत. म्हणून अभ्यासक परक्या पट्ट्या वापरतात आणि त्याचं काय होतं ते वर पाहिलंच. दुसरीकडे २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना चालू आहे. धरणातला पोयटा शेतात टाकणं चांगलंच, पण शहराखालच्या पात्रातला गाळ आणि डोंगराखालच्या धरणातला गाळ एका मापानं मोजता येणार नाही. पहिला शेतात नेण्याआधी त्यातलं कॅडमियम, शिसं आणि क्रोमियम तपासलंच पाहिजे. कॅडमियम तर पालेभाज्या मातीतून सहज उचलतात.

२०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरीची साफसफाई, गाळ काढणं, घाट बांधणं यांवर मोठा खर्च होणार आहे. त्यातला अगदी लहानसा हिस्सा एका कामावर लावावा: ब्रह्मगिरीपासून नांदूरमधमेश्वरपर्यंत, पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरलेल्या जागांवरून ६३ मायक्रॉनखालचा गाळ घेऊन त्यातल्या धातूंची नोंद करावी आणि ती सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवावी. इथल्या काळ्या दगडाची स्वतःची मूळ पातळी एकदा पक्की झाली की कुणी कारखान्यावर खोटा आरोप करू शकणार नाही आणि कुठला कारखाना बेसाल्टच्या आड लपूही शकणार नाही.

तोवर वाचकांनी एवढं करावं. ‘गोदावरीत अमुक धातू इतक्या पट’ अशी बातमी आली, की तीन प्रश्न विचारावेत: कशाच्या इतक्या पट? कण केवढे होते? आणि धातू कोंडलेला होता की सुटा? या तिन्हींची उत्तरं नसतील तर त्या बातमीवर घाबरूही नये आणि तिला झटकूनही टाकू नये. पूर्ण अहवाल मागावा.